फोटोखाली नाव कोण लिहितो?

काही वर्षांपूर्वी एका संस्थेचा वार्षिक अहवाल आमच्या हाती आला. गुळगुळीत कागद, रंगीत छपाई. आतल्या पानावर आमच्याच वस्तीतल्या एका आजींचा पानभर फोटो होता. सुरकुतलेला चेहरा, नजर खाली, मागे पत्र्याची भिंत. खाली ओळ छापली होती : 'एक लाभार्थी महिला'. या आजी म्हणजे वस्तीतल्या महिला मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा. विहाराच्या जागेसाठी त्यांनी कचेरीत किती खेटे घातले, हे वस्तीत कोणालाही विचारा. अहवाल दाखवला तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "फोटो चांगला आलाय. पण ही मी न्हाय."

समाजशास्त्राच्या एम.ए.ला आम्ही सर्वेक्षण शिकलो, नमुना निवड शिकलो. फोटो कसा वाचायचा हे कोणी शिकवले नाही. चळवळीतही 'फोटोग्राफीची कला' म्हटले की कार्यकर्ते हसतात. पोट भरलेल्यांची हौस, महागडे कॅमेरे, गॅलरीतली वाइन. आम्हीही असेच म्हणत होतो. आजींच्या त्या एका वाक्याने आम्हाला फोटोंच्या पुस्तकांकडे वळवले. साहित्यात आपण प्रस्थापितांचे सौंदर्यशास्त्र नाकारले आणि स्वतःचे उभे केले. फोटोच्या बाबतीत मात्र आपण अजून फक्त समोर उभे राहतो. तिथेही आपल्याला वाचक व्हावे लागेल, असे आमचे म्हणणे आहे. त्यासाठी थोडा इतिहास पाहू.

मोजायला आलेला कॅमेरा

फोटोग्राफीचा शोध जगापुढे आला १८३९ मध्ये. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्याशी संबंधित विल्यम जॉन्सन या इंग्रजाने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईच्या 'वंश आणि जमातीं'वर दोन खंडांचे फोटोंचे पुस्तक काढले. पुस्तकात माणसांच्या मागे देवळे, रस्ते, इमारती दिसतात. पण यातली बरीच चित्रे जोडकामाची आहेत. माणसाचा फोटो एकीकडे काढायचा, पार्श्वभूमी दुसरीकडून आणायची आणि दोन्ही जोडून एक चित्र करायचे. म्हणजे जिथे तो माणूस उभा दिसतो, तिथे तो उभा नव्हताच.

१८५७ च्या उठावानंतर ब्रिटिश सत्तेला हिंदुस्थानातली माणसे 'ओळखण्याची' गरज फार वाटू लागली. १८६८ ते १८७५ या काळात जॉन फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के यांनी संपादित केलेले 'द पीपल ऑफ इंडिया' आठ खंडांत निघाले. त्यात साडेचारशेहून अधिक फोटो आहेत. छापील पानावर खरा फोटो चिकटवायचा आणि सोबत मजकूर द्यायचा, अशी रचना. मजकुरात काय, तर ही जात कशी दिसते, काय खाते, सरकारशी इमानी आहे की उपद्रवी. बहुतेक ठिकाणी माणसाचे नाव नाही, जातीचे नाव आहे. एक माणूस अख्ख्या जातीचा नमुना झाला. मनुस्मृतीने जे शब्दांत केले, त्याला इथे कॅमेऱ्याची साक्ष मिळाली. जात म्हणजे डोळ्यांनी दिसणारी, चेहऱ्यावर छापलेली वस्तू, असा समज पक्का करायला अशा पुस्तकांचा हातभार लागला.

यातले कित्येक फोटो सुंदर आहेत, हेही कबूल केले पाहिजे. उजेड मऊ आहे, कापडाची चुणी न् चुणी दिसते. फोटो सुंदर असतो आणि त्याच वेळी अन्यायही करतो. रसग्रहण म्हणजे केवळ 'वा!' म्हणणे असेल तर आपण फसतो, आणि नुसता निषेध असेल तर अर्धेच पाहतो.

समाजशास्त्रज्ञाने दिलेले उत्तर

बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे मांडलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागवल्या होत्या आणि ड्यू बॉइस यांचे उत्तरही आले. याच ड्यू बॉइस यांनी त्याआधी ४६ वर्षे फोटोंच्या पुस्तकाने एक लढाई लढली होती. ती आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

तेव्हा ते अटलांटा विद्यापीठात समाजशास्त्र शिकवत होते. १८९९ मध्ये त्याच जॉर्जिया राज्यात सॅम होज या काळ्या शेतमजुराला हजारोंच्या जमावाने जिवंत जाळले. त्या काळी अशा हत्यांचे फोटो काढून त्यांची पोस्टकार्डे विकली जात. काळा माणूस अमेरिकन छायाचित्रांत बहुधा गुन्हेगार, नोकर, विदूषक किंवा प्रेत म्हणून दिसे. १९०० मध्ये पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले. तिथल्या अमेरिकन निग्रोंच्या दालनासाठी ड्यू बॉइस यांनी हाताने रंगवलेले आकडेवारीचे तक्ते नेले, जॉर्जियातल्या काळ्यांविषयीचे कायदे हाताने उतरवून नेले आणि अल्बम नेले. या अल्बममध्ये ३६३ फोटो होते. अटलांटाचे काळे छायाचित्रकार थॉमस अॅस्क्यू यांनी काढलेले अनेक फोटो त्यात आहेत.

एका अल्बम-संचाचे नाव होते 'टाइप्स ऑफ अमेरिकन निग्रोज'. 'टाइप्स' हा शब्द शत्रूच्याच शब्दकोशातला. अनेक चेहरे दोनदा येतात, एकदा समोरून आणि एकदा बाजूने. पोलीस गुन्हेगाराचे फोटो असेच काढतात, मानववंशशास्त्रज्ञही असेच काढत. पण समोर बसलेली बाई लेसच्या कॉलरची आहे, नजर शांत आहे. पुढच्या पानावर सोनेरी केसांचे मूल आहे आणि तेही 'निग्रो'च. पाने उलटत गेलो की 'नमुना' ही कल्पनाच मोडून पडते. एकट्या फोटोने हे साधत नाही. पुस्तकाची ताकद इथे कळते. कुठल्या फोटोनंतर कुठला येतो, त्यातून युक्तिवाद उभा राहतो.

आता आमचा आक्षेप. ड्यू बॉइस यांनीही बहुतेक चेहऱ्यांखाली नावे लिहिली नाहीत. सन्मान परत मिळाला, पण नाव मिळाले नाही. त्यातल्या कित्येक माणसांची ओळख आजही पटलेली नाही. शिवाय चांगले कपडे, पियानो, दिवाणखाना यांतूनच प्रतिष्ठा दाखवायची असेल, तर कापूस वेचणाऱ्या बाईची प्रतिष्ठा कुठे दिसणार? हा प्रश्न त्या अल्बमने पुढच्या पिढीसाठी ठेवला.

१९५५ : एका वर्षाची दोन चित्रे

१९५५ च्या ऑगस्टमध्ये मिसिसिपीत १४ वर्षांच्या एमेट टिलची हत्या झाली. आई मेमी टिल यांनी शवपेटी उघडी ठेवली आणि मुलाचा विद्रूप झालेला चेहरा जगाला पाहू दिला. 'जेट' या काळ्यांच्या साप्ताहिकाने फोटो छापले आणि देशभरच्या काळ्या तरुणांची एक पिढी पेटून उठली. याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये 'द स्वीट फ्लायपेपर ऑफ लाइफ' हे छोटेसे पुस्तक आले. फोटो रॉय डिकॅराव्हा यांचे, मजकूर कवी लँग्स्टन ह्यूज यांचा. विषय हार्लेम ही काळ्यांची वस्ती.

डिकॅराव्हा हार्लेममध्येच वाढलेले. १९५२ मध्ये त्यांना गुगेनहाइम फेलोशिप मिळाली. ती मिळवणारे ते पहिले काळे छायाचित्रकार. फोटोंची निवड आणि क्रम ह्यूज यांनी लावला आणि त्यांना एका आजीचा आवाज दिला. सिस्टर मेरी ब्रॅडली ही कल्पित आजी मुखपृष्ठावरच बोलायला लागते. देवाचे बोलावणे आलेय, पण तिला अजून जायचे नाही. नातवंडांचे काय चाललेय ते पाहायचे आहे. मग पाने उलटत जातात : स्वयंपाकघर, भुयारी रेल्वे, बाळाला कुशीत घेतलेला बाप, नाचणारी पोरे, रस्त्यावरचे भाषण. मोर्चा थोडाच, जगणे फार. पुस्तक खिशात मावेल एवढे.

या फोटोंत अंधार पुष्कळ आहे. डिकॅराव्हा फ्लॅश न वापरता असेल त्या उजेडात फोटो काढत आणि छापताना करड्या-काळ्याच्या अनेक छटा राखत. काळ्या चेहऱ्यावर उजेड ओतून तो गोरा करायचा नाही. पाहणाऱ्याचे डोळे सरावेपर्यंत त्यानेच थांबायचे. आपल्याला हे चटकन कळायला हवे. आपल्या आई-मावशांचे लग्नाआधीचे स्टुडिओतले फोटो आठवा. पावडर थापलेली, वर फोटोग्राफरने रंग उजळून दिलेला. रंगीत फिल्मचे मापसुद्धा कित्येक वर्षे गोऱ्या कातडीवर ठरवले जात होते. कला म्हणजे काय याचे उत्तर इथे मिळते : डिकॅराव्हांनी काळोखालाच उजेडाइतके मोल दिले.

चळवळीला टिलचा फोटो हवा की हार्लेमच्या आजीचे पुस्तक? दोन्ही हवीत. पण आज आपल्या व्हॉट्सअॅप गटांत अत्याचाराचे फोटो विजेच्या वेगाने फिरतात आणि आपल्या जगण्याचे फोटो कोणी जपत नाही. शिवाय एक फरक विसरू नये. टिलचा फोटो दाखवण्याचा निर्णय त्याच्या आईचा होता. आपण पुढे ढकलतो त्या फोटोतल्या लेकीच्या आईला कोणी विचारले असते का?

वाचायचे कसे?

फोटोंचे पुस्तक हाती आले की सुंदर फोटो शोधत पाने फडफडवू नका. कॅमेरा कोणाच्या हाती आहे आणि तो माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे की वरून, ते पाहा. समोरच्याला ठाऊक आहे का की फोटो निघतोय? मग डावे पान आणि उजवे पान एकमेकांना काय म्हणतात ते पाहा. कोणता फोटो पानभर आणि कोणता काडेपेटीएवढा? शेवटी फोटोखालची ओळ वाचा. साहेबाला नाव आणि कामगाराला 'कामगार' असेल, तर तिथे थांबा.

सुधारक ओलवे यांचे मुंबईच्या सफाई कामगारांवरचे 'इन सर्च ऑफ डिग्निटी अँड जस्टिस' असे वाचून पाहा. कृष्णधवल फोटो आहेत. गटारात उतरलेले उघडे शरीर पाहताना मान वळवावीशी वाटते. पण तोच कामगार घरी, बायकामुलांत दिसतो तेव्हा कळते की पुस्तक आपल्याकडून दया मागत नाही, जबाबदारी मागते. मुंबई रोज स्वच्छ दिसते ती कोणाच्या जिवावर, हा प्रश्न पान मिटल्यावरही सुटत नाही.

ही पुस्तके महाग असतात, हे खरे. मग एक प्रत विहाराच्या ग्रंथालयासाठी वर्गणी काढून घ्या. ड्यू बॉइस यांचे अल्बम लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. अभ्यासवर्गात एक संध्याकाळ त्यांना द्या.

आणि एक काम आजच करा. घरातल्या ट्रंकेत, पिशवीत पडलेले फोटो बाहेर काढा. म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांच्या शेजारी बसा. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने नाव, गाव, वर्ष लिहा. बॉलपेनने लिहू नका, पुढच्या बाजूला वण उठतात.

आम्ही आजींना विचारले, विहाराच्या अल्बममध्ये तुमचा कोणता फोटो लावू? आम्ही त्यांचा एक नीटनेटका, हसरा फोटो काढून ठेवला होता. त्यांनी तो बाजूला सारला आणि ट्रंकेतून एक जुना, कोपरा फाटलेला फोटो काढला. मोर्चा. फलक धरलेल्या बायका. आजींचा अर्धा चेहरा पुढच्या बाईच्या हाताआड गेलेला. "ह्यो लाव," त्या म्हणाल्या, "ह्यात समद्या हायेत." मग बोट ठेवून एकेक नाव सांगत गेल्या. अकरा नावे झाली. बाराव्या बाईवर बोट थांबले. "हिचं नाव आठवंना बघ."

ते नाव आम्ही अजून शोधतो आहोत.

जय भीम.