तरंगत्या फुग्याची कुळकथा

गच्चीवरची टाकी भरत आली की पाण्यावरचा फुगा वर येतो, त्याची दांडी उचलली जाते आणि नळाचं तोंड बंद होतं. पाणी उपसलं की फुगा उतरतो आणि धार पुन्हा सुरू होते. प्लंबर याला बॉलकॉक म्हणतात. वीज नाही, मोटर नाही, तरी हे यंत्र आपल्या कामाचा परिणाम स्वतः पाहतं आणि त्यानुसार स्वतःला आवरतं. बरंचसं स्वयंचलन फीडबॅकच्या याच कल्पनेवर उभं आहे. तिचं मूळ शोधत गेलं तर इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातल्या अलेक्झांड्रियात जावं लागतं.

तिथे क्टेसिबिअस नावाचा एका न्हाव्याचा मुलगा पाण्याचं घड्याळ नेमकं करण्याच्या मागे लागला होता. अडचण साधी होती, पण चिवट. भांड्याला छिद्र पाडून पाणी गळू दिलं, तर भांडं भरलेलं असताना धार जोरात येते आणि पातळी उतरेल तशी मंदावते. अशा धारेवर वेळ मोजायची कशी? आपल्याकडे लग्नात वापरलं जाणारं घटिकापात्र बुडालं की ते उचलून रिकामं करायला माणूस लागतो. क्टेसिबिअसला माणसाविना चालणारी धार हवी होती.

अभ्यासकांनी त्याच्या घड्याळाची जी मांडणी केली आहे, तिच्यात मधे एक छोटं भांडं आहे आणि त्यात शंकूच्या आकाराचा तरंगता तुकडा. पाणी वाढलं की शंकू वर जाऊन येणाऱ्या नळीचं तोंड बुजवतो. कमी झालं की खाली येऊन वाट मोकळी करतो. त्यामुळे भांड्यातली पातळी कायम राहते आणि खालच्या छिद्रातली धारही एकसारखी पडते. हे छिद्र त्याने सोन्यात किंवा भोक पाडलेल्या रत्नात केलं होतं, असं रोमन स्थापत्यकार वित्रुवियस लिहितो. कारण पाण्याने ते झिजत नाही आणि त्यात मळ साचून ते तुंबतही नाही.

क्टेसिबिअसचे स्वतःचे ग्रंथ नष्ट झाले, पण युक्ती टिकली. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्याच हेरॉनने प्याल्यातला द्राक्षरस कमी होताच तो पुन्हा तेवढाच भरणारं पात्र रचलं. इसवी सन ८५० च्या सुमारास बगदादमधल्या बनू मूसा या तीन भावांनी शंकूची झडप आपल्या यंत्रांत वापरली. १२०६ साली अभियंता अल-जझरीने वर्णन केलेल्या जलघड्याळांतही तरंगता तुकडाच धार राखतो.

१८व्या शतकात वाफेच्या इंजिनाने या युक्तीवर वेगळीच जबाबदारी टाकली. बॉयलरमधलं पाणी फार उतरलं तर तापलेला पत्रा फाटून स्फोट होण्याची भीती. इंग्लंडमध्ये जेम्स ब्रिंडलीने १७५८ साली घेतलेल्या पेटंटमध्ये आणि सायबेरियातल्या बार्नाऊल इथे इव्हान पोल्झुनोव्हने १७६५ च्या सुमारास बांधलेल्या इंजिनात, दोन्हीकडे बॉयलरचं पाणी राखायला फ्लोट, म्हणजे तरंगता तुकडाच होता. १७८८ साली जेम्स वॉटने पातळीऐवजी वेग धरला. त्याच्या गव्हर्नर या वेगनियंत्रकाचे फिरणारे गोळे इंजिन वेगात आलं की बाहेर फेकले जात आणि वाफ आवरली जाई. १८६८ साली भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने अशा गव्हर्नरांचं गणित मांडलं आणि नियंत्रणशास्त्राचा पाया घातला गेला.

आज कारखान्यात फ्लोटच्या जागी सेन्सर आहे, दांडीच्या जागी पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारा छोटा औद्योगिक संगणक. तरी क्रम तोच: मोजायचं, जे हवं त्याच्याशी ताडायचं, फरक भरून काढायचा. म्हणूनच अभियांत्रिकीच्या वर्गात कंट्रोल सिस्टिम्स हा विषय सुरू करताना समीकरणांआधी क्टेसिबिअसचं घड्याळ मुलांकडून बांधून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. शंकू अडकला की घड्याळ का चुकतं, हे एकदा हाताने अनुभवलं की फीडबॅक म्हणजे काय हे वेगळं समजावावं लागणार नाही.