कॅरमच्या बोर्डाभोवती बाई का नाही?

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर शाकारल्या, की कॅरमचे बोर्ड बाहेर निघतात. दिव्याखाली चार पुरुष बसलेले, दहा उभे. त्यांत बाई कधी पाहिलीत? आज या खेळाचा इतिहास सांगते.

कॅरम जन्मला कुठे, यावर वाद आहे. आपण तो हिंदुस्थानातलाच मानतो. तिकडे अमेरिकेत लुडिंग्टन गावी हेन्री हॅस्केल या गृहस्थांनी १८९० च्या सुमारास सोंगट्या टिचकीने मारायचा असाच एक बोर्ड काढला. कशासाठी? तर पोरांनी बिलियर्डच्या अड्ड्यावर जाऊ नये म्हणून! आणि आपल्याकडे कॅरमलाच अड्डा म्हणतात आणि मुलींना तिथे फिरकू देत नाहीत.

मुंबईत हा खेळ चाळींच्या गॅलरीत आणि मंडळांच्या खोल्यांत रुजला. जागा थोडी लागते, खर्च एकदाच होतो, बाहेर पाऊस असला तरी अडत नाही. पुढे १९८८ साली चेन्नईत आंतरराष्ट्रीय फेडरेशन स्थापन झालं. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या, एक लाल राणी. राणी घेतली की लागलीच आपली सोंगटी घालून ती पक्की करायची, नाहीतर ती परत मधे. श्रीलंका, बांगलादेश, मालदीव, पार जर्मनी-स्वित्झर्लंडपर्यंत हा खेळ गेला. १९९१ ला दिल्लीत पहिली जागतिक स्पर्धा झाली. ती चेन्नईच्या मारिया इरुदयम यांनी जिंकली. त्यांना १९९६ चा अर्जुन पुरस्कारही मिळाला. मुंबईचे प्रशांत मोरेही जगज्जेते आहेत.

आणि बायका? स्पर्धांत त्यांचा वेगळा गट असतो, पण बोर्ड तोच आणि स्ट्रायकरही तोच, १५ ग्रॅमपर्यंतचा. पाटण्याच्या रश्मी कुमारी जगज्जेत्या झाल्या. २०२४ साली अमेरिकेतल्या स्पर्धेत चेन्नईच्या काझिमाने तीन सुवर्णपदकं आणली. तिचे वडील रिक्षा चालवतात, आणि खेळ शिकवला तोही त्यांनीच. आपल्याच कोकणातली, रत्नागिरीची आकांक्षा कदम राष्ट्रीय पातळीवर खेळते.

म्हणजे अडचण ताकदीची नाही. बोंबील साफ करणाऱ्या बोटांना नेम शिकवायला नको. अडचण आहे वेळेची. बंदीच्या दिवसांत पुरुषांचे हात मोकळे होतात. आपलं सुकं विकणं, पाणी, चूल काही थांबत नाही. संध्याकाळी बोर्ड मांडला जातो तेव्हा आपण भाकऱ्या थापत असतो. मला विचाराल तर मंडळाच्या बोर्डावर जागा मागत बसू नये. गटाच्या बैठकीच्या दिवशी, हिशेब झाल्यावर, तासभर आपलाच बोर्ड मांडावा. मुलींनाही बसवावं.

बोर्ड आणलात तर एक लक्षात ठेवा. पावसात लाकूड ओल धरतं आणि बोर्ड वाकतो. ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नका. बोरिक पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी.