मऊ गांडुळाचा रंग आणि आपली बिदरी

मंडळी, हळ्ळीखेडच्या माणसानं, तेही आमच्यासारख्या शाकाहारी घरातल्या माणसानं, मासे धरण्याच्या आमिषावर लिहावं याचं काही जणांना हसू येईल. हसा. विषय त्या आमिषाला रंग देण्याआधीच्या तयारीचा आहे, आणि तो शेवटी आपल्या बिदरपर्यंत येतो.

आमच्याकडं गळ टाकणारे लोक गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावायचे. रंगाचा प्रश्नच नव्हता. अमेरिकेत १९४९ साली ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरात निक क्रीम आणि त्यांची बायको कॉस्मा यांनी घरच्या स्वयंपाकघरात व्हिनाइल, तेल आणि रंगद्रव्य तापवून साच्यात मऊ गांडूळ ओतलं. पुढं हा धंदा टेक्ससमधल्या टायलरला गेला. ॲक्रन हे टायरवाल्यांचं शहर. तिथल्याच गुडरिच कंपनीत वाल्डो सेमन या रसायनतज्ज्ञानं १९२६ मध्ये कडक पीव्हीसी गरम द्रावकात विरघळवून रबरासारखं मऊ केलं होतं. शोधत होता धातूला रबर चिकटवायचा गोंद, हाती लागलं भलतंच!

हे मऊपण येतं तेलासारख्या एका द्रव्यामुळं. ते प्लास्टिकमध्ये मुरतं, पण पक्कं बांधलं जात नाही. हळूहळू बाहेर येत राहतं. म्हणून अशी गांडुळं काही प्रकारच्या कडक प्लास्टिकच्या डबीत ठेवली तर डबीच चिकट होऊन जाते. रंगाचं खरं वैर याच तेलाशी.

माझा सोळा वर्षांचा नातू ओहायोतच असतो. फोनवर आमचं बोलणं 'जेवलास का, अभ्यास कसा चाललाय' इथंच संपायचं. मागच्या हिवाळ्यात त्यानं व्हिडिओवर दाखवलं. गॅरेजमध्ये ओतलेल्या गांडुळांवर साधा ॲक्रिलिक रंग मारलेला, वाळलेला, आणि वाकवताच पापुद्रे सुटत होते. मित्रांकडून त्यानं आगाऊ पैसेही घेतले होते. आगाऊ रक्कम म्हटल्यावर माझ्यातला बँकवाला जागा झाला. माल द्यायलाच हवा, नाहीतर पैसे परत.

मी कॉमर्सचा माणूस, पण वाचून काढलं. आधी साच्याला लावलेलं तेल कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणानं काढायचं. स्वच्छ पाण्यात खळबळून पूर्ण वाळू द्यायचं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्यानं पुसायचं, आणि त्यानंतर उघड्या बोटांनी शिवायचं नाही, कारण बोटालाही तेल असतं. रंगही व्हिनाइलचाच हवा. त्यातलं द्रावक पृष्ठभाग किंचित मऊ करून आत शिरतं, म्हणून वाकवलं तरी रंग धरून राहतो. वास फार उग्र असतो, तेव्हा दार उघडं ठेव आणि बाबाला जवळ उभा कर, असं बजावलं.

पोरगा कुरकुरला. रंगापेक्षा धुण्यालाच जास्त वेळ! तेव्हा मी त्याला बिदरी सांगितली. जस्तात थोडं तांबं घालून वाळूच्या साच्यात भांडं ओततात. मग कानशीनं घासून गुळगुळीत करतात. त्यावर मोरचुदाचं पाणी चोळून तात्पुरतं काळं करतात, ते फक्त कोरताना नक्षीची रेघ दिसावी म्हणून. कोरलेल्या खाचेत चांदी ठोकून बसवतात, पुन्हा घासतात, म्हणजे तो काळा रंग निघूनच जातो. शेवटी भांडं तापवून किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा लेप चोळला की धातू कायमचा काळा होतो आणि चांदी तशीच पांढरी राहते. नंतर वर तेलाचा हात फिरवतात. म्हणजे बिदरीत तेल सगळ्यात शेवटी येतं, आणि याच्या गांडुळावरून तेच सगळ्यात आधी घालवायचं. हे त्याला फार आवडलं. शाह रशीद अहमद कादरींना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांचे व्हिडिओ त्यानं स्वतःच शोधून पाहिले.

आमच्या मंडळींना हे काही पटलेलं नाही. "पोराला जीव मारायला शिकवताय," म्हणतात. मी म्हटलं, मी धुवायला शिकवतोय. त्यावर उत्तर आलं नाही, पण त्या दिवशी चहा उशिरा मिळाला.

त्याचे चाळीस नग धुऊन, रंगवून मित्रांना पोचते झाले. आता रविवारी फोन तोच करतो. मागच्या खेपेला विचारत होता, किल्ल्यातली माती अमेरिकेला पाठवता येते का. पोस्टात चौकशी करतो म्हटलं.