छोट्या मोटारी आणि सुधारणेचा छंद

मोटार बाळगणे ही आता मध्यमवर्गीयांच्या आवाक्यातील गोष्ट झाली आहे. मात्र मोटार स्वतःच्या हाताने खोलणे, जुळवणे आणि आपल्याला हवी तशी घडवणे हा छंद आपल्याकडे अजूनही महानगरांतील श्रीमंतांचाच समजला जातो. वस्तुतः जगभर या छंदाची परंपरा स्वस्त गाड्यांची आहे. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात कॅलिफोर्नियातील तरुणांनी जुन्या फोर्ड गाड्या हलक्या करून त्यांना ‘हॉट रॉड’चे रूप दिले. ब्रिटनमध्ये जॉन कूपर यांच्या सुधारणांमुळे ‘मिनी’ या सामान्य कुटुंबाच्या गाडीची ‘मिनी कूपर’ ही आवृत्ती १९६१ मध्ये बाजारात आली. पुढे मिनीने १९६४, १९६५ आणि १९६७ या वर्षी मॉन्टे कार्लो रॅली जिंकली. आपल्याकडे हे स्थान मारुतीच्या छोट्या गाड्यांकडे जाते. गोंदियासारख्या महानगरापासून दूरच्या जिल्ह्यात हा छंद जोपासायचा, तर गाडी कोणती घ्यावी, कोणते काम आधी करावे आणि कायदा कुठे आडवा येतो, याची ही ओळख.

मारुतीची परंपरा

मारुती ८०० ही गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या ग्राहकाच्या हाती पडली. तीन सिलिंडरचे ७९६ सीसी क्षमतेचे इंजिन आणि सुमारे साडेसहाशे किलो वजन, एवढाच तिचा संसार. पण याच इंजिनाने भारतीय मोटारशर्यतींना स्वस्त पाया दिला. कोइमतूरचे एस. करीवर्धन यांनी मारुती ८००च्या इंजिनावर चालणारी ‘फॉर्म्युला मारुती’ ही एक आसनी शर्यतीची गाडी तयार केली. आयात केलेल्या गाड्या न परवडणाऱ्या अनेक तरुणांना तिच्यामुळे शर्यतीचे दार उघडले. १९९५ मध्ये विमान अपघातात करीवर्धन यांचे निधन झाले. कोइमतूरची ‘करी मोटर स्पीडवे’ त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

मारुतीने पुढे जिप्सी (१९८५), झेन (१९९३) आणि एस्टीम (१९९४) या गाड्या आणल्या. झेनचे ९९३ सीसीचे आणि एस्टीमचे १२९८ सीसीचे इंजिन एकाच घराण्यातील असल्याने हौशी मंडळींमध्ये या गाड्या विशेष प्रिय झाल्या. यांत इलेक्ट्रॉनिक्स कमी, इंजिनाभोवती हात घालायला जागा भरपूर आणि रचना जिल्ह्याच्या ठिकाणच्या मिस्त्रीलाही तोंडपाठ. आता या सर्व गाड्यांचे उत्पादन थांबले आहे. मारुती ८०० जानेवारी २०१४ मध्ये बंद झाली. त्यामुळे आज हाती येणारी गाडी जुनी असणार, हे गृहीत धरूनच छंदाची आखणी करावी लागते.

खरेदी करताना

गोंदिया जिल्ह्याच्या एका अंगाला मध्य प्रदेशातील बालाघाट, तर दुसऱ्या अंगाला छत्तीसगड आहे. त्यामुळे शेजारच्या राज्यातील गाडी स्वस्तात मिळण्याची शक्यता नेहमीच असते. अशी गाडी घेताना मूळ परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. परराज्यातील गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची असेल, तर तिला महाराष्ट्रातील क्रमांक घ्यावा लागतो. गोंदियाची ओळख एमएच-३५ ही आहे.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांपुरती असते. त्यानंतर तपासणी करून दर ५ वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. त्यासाठीचे शुल्क आणि पर्यावरण कर हे दोन्ही खर्च आधीच हिशेबात धरावेत. नोंदणी पुस्तिकेतील चॅसिस व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी स्वतः जुळवून पाहावेत. रंग नवा दिसला तरी गाडीखाली वाकून पत्रा तपासावा. इंजिन दुरुस्त होते, पण गंजलेला सांगाडा सहसा परवडत नाही.

आधी गाडीचे आरोग्य

हौशी माणसाची पहिली चूक म्हणजे दमलेल्या इंजिनावर नवे भाग चढवणे. वीस वर्षांच्या गाडीची बरीचशी शक्ती झीज आणि दुर्लक्ष यांमुळे हरवलेली असते. ती परत मिळवणे ही सर्वांत स्वस्त सुधारणा होय. सुरुवात कॉम्प्रेशनच्या तपासणीने करावी. एखाद्या सिलिंडरचा दाब इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी भरला, तर रिंगा, व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट यांपैकी कुठेतरी दोष आहे असे समजावे. त्यानंतर स्पार्क प्लग, त्यांच्या तारा, टायमिंग बेल्ट, इंधनाचे फिल्टर आणि इंजिनाचे माउंटिंग यांकडे वळावे.

गोंदियाच्या हवेत दोन गोष्टींना विशेष महत्त्व आहे. पहिली उष्णता. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा वेळी रेडिएटर आतून स्वच्छ असणे, थर्मोस्टॅट आणि पंखा योग्य तापमानाला सुरू होणे आणि साध्या पाण्याऐवजी योग्य प्रमाणात कूलंट असणे अत्यावश्यक आहे. काही जण थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. त्यामुळे हिवाळ्यात इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही, पेट्रोल जास्त लागते आणि झीज वाढते. दुसरी गोष्ट धूळ. धानाच्या मळणीच्या दिवसांत आणि राइस मिलच्या परिसरात हवेत कोंडा व बारीक धूळ असते. एअर फिल्टर बदलण्याचे पुस्तिकेतील अंतर येथे निम्म्यावर आणलेले बरे.

तिसरा प्रश्न अलीकडचा आहे. आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते आणि ते जाळण्यास हवाही कमी लागते. परिणामी कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत मिश्रण विरळ होते, ॲव्हरेज घटते आणि इंजिन जास्त तापू शकते. इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरमधील रबरी भागही लवकर खराब होण्याचा संभव असतो. म्हणून इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या बसवणे आणि जेटची जुळणी तपासून घेणे हे जुन्या गाडीच्या मालकाचे पहिले काम ठरते. ही जुळणी प्रदूषण तपासणीच्या मर्यादेत बसते की नाही, हेही लगेच पाहावे.

पळण्याआधी थांबणे

वेग ताशी ६० किलोमीटरवरून ८० वर गेला, तर गाडीतील गतिज ऊर्जा सुमारे ७८ टक्क्यांनी वाढते. ही सगळी ऊर्जा ब्रेकना पचवावी लागते. म्हणून पिकअप वाढवण्यापूर्वी ब्रेक सुधारावेत. ब्रेक ऑइल हवेतील बाष्प शोषून घेते व त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. ते साधारण दोन वर्षांनी बदलावे. चांगल्या प्रतीचे पॅड, सपाट डिस्क, न गळणारे व्हील सिलिंडर आणि नव्या रबरी नळ्या एवढ्यानेच बहुतेक छोट्या गाड्यांच्या ब्रेकमध्ये मोठा फरक पडतो.

टायर निवडताना रुंदीइतकाच बाहेरील व्यास महत्त्वाचा असतो. झेनच्या १४५/७० आर १३ या टायरचा व्यास सुमारे ५३३ मिलिमीटर भरतो. त्याऐवजी १६५/६५ आर १३ बसवला तर व्यास ५४५ मिलिमीटर होतो. हा फरक जवळपास २ टक्क्यांचा असल्याने चालून जातो. मात्र १६५/८० आर १३ बसवला तर फरक ११ टक्क्यांवर जातो. मग वेगदर्शक ६० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ६६च्या पुढे धावत असते आणि वळणावर टायर मडगार्डला घासतो. रुंद टायरने स्टिअरिंग जड होते व ॲव्हरेज कमी होते, हेही ध्यानात ठेवावे.

गाडी खाली बसवण्यासाठी स्प्रिंग कापण्याची पद्धत सर्रास दिसते. ती धोकादायक आहे. कापलेली स्प्रिंग जागेवरून निसटू शकते, शॉकॲब्सॉर्बर लवकर निकामी होतो आणि देवरी किंवा सालेकसाच्या आतील रस्त्यांवर गाडीचे पोट गतिरोधकाला टेकते. मूळ उंचीच्या नव्या स्प्रिंग, चांगले शॉकॲब्सॉर्बर, नवे बुश आणि त्यानंतर चाकांचे अलाइनमेंट हा मार्ग कमी दिखाऊ, पण अधिक उपयोगी आहे.

इंजिनातील सुधारणा

बाजारात सर्वाधिक खपणारी वस्तू म्हणजे उघडा, शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर. त्याने आवाज वाढतो. शक्ती वाढेलच असे नाही. तो बॉनेटखालील तापलेली हवा ओढतो. हवेचे तापमान २७ अंशांवरून ४७ अंशांवर गेले, तर तिची घनता सुमारे ६ टक्क्यांनी घटते आणि त्या प्रमाणात इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो. बाहेरची थंड हवा आणणारी बंदिस्त नळी अधिक चांगली. मात्र ती बंपरजवळ खाली नेऊ नये. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून जाताना तीच नळी पाणी ओढते. पाणी दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो आणि सगळे इंजिन उतरवावे लागते.

खरा फरक कष्टाच्या कामाने पडतो. सिलिंडर हेडमधील मार्ग घासून एकसारखे करणे, व्हॉल्व्ह नीट बसवणे, कार्ब्युरेटरची जुळणी आणि इग्निशन टायमिंग ही कामे सावकाश व मोजमाप करून करावीत. टायमिंग पुढे ओढल्यास सुरुवातीला गाडी चपळ वाटते. पण कडक उन्हात चढावर इंजिनातून टकटक आवाज येऊ लागला, तर पिस्टन धोक्यात आहे असे समजून लगेच मागे यावे. एका वेळी एकच बदल करून नोंद ठेवावी. नाहीतर सुधारणा कशाने झाली आणि बिघाड कशाने झाला, हे कळत नाही.

कायद्याची चौकट

मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवून दिलेल्या आणि नोंदणी पुस्तिकेत लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हाच अर्थ ठामपणे सांगितला. त्याच वर्षी कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदलासाठी मालकाला ६ महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे झेनमध्ये एस्टीमचे इंजिन बसवून ती रस्त्यावर आणणे हा छंद न राहता गुन्हा ठरतो. त्याच बनावटीचे व प्रकाराचे इंजिन बसवले तरी परिवहन कार्यालयाची मान्यता व नोंद लागते. रंग बदलला तरी पुस्तिकेत नोंद हवी. अनेक स्वरांचे हॉर्न आणि आवाज वाढवणारे सायलेन्सर यांना तर मुळीच परवानगी नाही. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारून जाणाऱ्या रस्त्यांवर असा आवाज वन्यजीवांनाही त्रासदायक होतो.

विम्याचे भान तितकेच महत्त्वाचे आहे. नंतर बसवलेले जादा साहित्य कंपनीला कळवून पॉलिसीत नोंदवता येते. न कळवलेला बदल अपघातानंतर उघड झाला, तर नुकसानभरपाईचा दावा अडकण्याची शक्यता असते. हा धोका एकट्या छंद जोपासणाऱ्याचा नसतो. गाडीत बसलेल्या कुटुंबाचा आणि समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराचाही असतो.

वेगाची हौस कुठे फेडावी

गोंदियातील हौशी चालकाला मोकळा सरळ रस्ता म्हटला की सडक अर्जुनी आणि देवरीवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ आठवतो. पण हा मुंबई ते कोलकाता वाहतुकीचा जड वाहनांचा मार्ग आहे. तेथे वेगाची परीक्षा घेणे म्हणजे अनोळखी माणसांचे प्राण पणाला लावणे होय. भारतीय मोटर स्पोर्ट्स क्लब महासंघाच्या परवान्याने स्पर्धांत उतरता येते. नाशिकच्या परिसरात ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ भरत आली आहे. चेन्नईजवळ आणि कोइमतूरला शर्यतीचे मार्ग आहेत. अंतर लांब आहे, हे खरे. मात्र तेथे एकदा जाऊन आलेल्या चालकाला आपली गाडी किती अंतरात थांबते आणि वळणावर कुठे घसरते, याचे जे ज्ञान मिळते, ते महामार्गावर मिळत नाही.

या छंदाला मोठी जागा किंवा महागडी यंत्रे लागत नाहीत. मजबूत जॅक व स्टँड, टॉर्क दाखवणारा पाना, कॉम्प्रेशन गेज, गाडीची मूळ दुरुस्ती पुस्तिका आणि एक नोंदवही यांवर सुरुवात होते. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नये, हा पहिला नियम. पुढच्या तपासणीला जाताना गाडी मूळ इतकी किंवा मूळपेक्षा अधिक निर्दोष असली पाहिजे, हा दुसरा. हे दोन नियम पाळले, तर भंगारात जाणारी एखादी जुनी मारुती आणखी काही वर्षे एमएच-३५च्या पाटीसह ताठ मानेने रस्त्यावर धावू शकते.