पुरात भिजलेला सागवानी दरवाजा : घाई केल्यास हानी

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीने महापूर अनुभवला, तर २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. अशा वेळी चिखलाबरोबर घराबाहेर टाकल्या जाणाऱ्या सामानात माजघराचे, देवघराचे जुने दरवाजेही असतात. फुगलेला दरवाजा निकामी झाला, असा समज त्यामागे असतो. भरीव सागवानाच्या बाबतीत तो बहुधा चुकीचा ठरतो.

लाकूड का फुगते?
पाणी शोषल्यावर लाकूड रुंदीत फुगते. लांबीत मात्र नगण्य वाढते. त्यामुळे दरवाजा चौकटीला घासतो. सुकल्यावर तो पुन्हा आकसतो. म्हणूनच ओल्या दरवाजावर रंधा मारू नये. उन्हाळ्यात तिथे फट पडते.

सुकवण्याची पद्धत
दरवाजा बिजागऱ्यांतून काढून स्वच्छ पाण्याने व मऊ ब्रशने चिखल धुवावा. कडी-कोयंडे काढून ठेवावेत. समान जाडीच्या पट्ट्यांवर दरवाजा सावलीत आडवा ठेवावा. खालून-वरून हवा खेळली पाहिजे. उन्हात किंवा हीटरजवळ ठेवल्यास पृष्ठभाग आधी आकसतो, आतला भाग ओलाच राहतो आणि लाकूड तडकते. दर आठवड्याला वजन करावे. ते घटायचे थांबले, की दरवाजा सुकला असे समजावे. यास काही आठवडे, कधी महिनेही लागतात. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या वर राहिल्यास बुरशी कुजवण्याचे काम सुरू ठेवते.

दुरुस्ती
दाभण टोचून पाहावी. ती सहज आत गेली, तर तेवढाच कुजका भाग कापून त्याच जातीच्या लाकडाचे ठिगळ बसवावे. चौकोनी फळ्या खाचांत सैल बसवलेल्या असतात. त्या सरसाने चिकटवू नयेत, अन्यथा कोरड्या हवेत आकसताना चिरतात. जुन्या रंगात शिसे असू शकते. त्यामुळे तो कोरडा न घासता ओल्या पॉलिश पेपरने, तोंडावर मास्क लावून काढावा. मुलांना दूर ठेवावे.

शेवटी पॉलिश किंवा रंगाचा हात खालच्या व वरच्या कडेलाही द्यावा. एरवी दुर्लक्षिल्या जाणाऱ्या याच कडांतून पाणी सर्वांत वेगाने आत शिरते.

प्लायवूडचे किंवा पोकळ दरवाजे पाण्याने सुटले, तर दुरुस्तीचा खर्च सहसा वसूल होत नाही. आजोबांच्या काळचे सागवान मात्र भंगारात देण्यापूर्वी त्याला सुकण्याची संधी द्यावी.