तांदळातले नाव

आमच्या नांदेडच्या घरी एक वंशावळ आहे. माझे आजोबा नाशिकास गंगेवर गेले असताना तेथील क्षेत्रोपाध्यायांच्या वहीवरून त्यांनी ती उतरून आणली. सात पिढ्यांची नावे तिच्यात आहेत. कोणाला मुलगे किती, कोण निपुत्रिक वारला, कोण दत्तक गेला, सारे नीट मांडलेले आहे. एवढ्या पुरुषांच्या गर्दीत माझ्या आजीला मात्र दोनच शब्दांची जागा मिळाली आहे, ‘भार्या सरस्वती’.

आणि गंमत अशी की सरस्वती हे तिचे नावच नव्हे! म्हणजे जन्माचे नव्हे. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून आजोबांनी त्यावर अंगठीने ते लिहिले, आणि ती सरस्वती झाली. त्याआधीची बारा वर्षे ती उदगीरच्या वाड्यात कोणत्या नावाने हाकेला ओ देत होती, हे वही सांगत नाही. मी लहानपणी तिला एकदा विचारले होते. ती हसली आणि म्हणाली, “ते नाव तिकडंच राहिलं रे.” मी खेळायला पळालो. आज वाटते, तेव्हा थांबलो असतो तर!

हा सल मनात असतानाच एका परक्या घराण्याची कुळकथा माझ्या वाचनात आली. परके म्हणायचे तेही जपूनच. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत नांदेड, उदगीर, लातूर हा आमचा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात होता, आणि हे घराणे त्याच हैदराबादेत येऊन राहिलेले. मूळ स्कॉटलंडचे. नाव कर्कपॅट्रिक.

कर्क म्हणजे देऊळ. कर्कपॅट्रिक म्हणजे संत पॅट्रिकचे देऊळ. आपल्याकडे गावावरून उदगीरकर, नांदेडकर होतात तसेच हे आडनाव. स्कॉटलंडच्या डम्फ्रिसशायर परगण्यातील क्लोजबर्न हे या नावाचे जुने ठाणे. पण हैदराबादच्या शाखेचा माग काढणारा वाटेत पहिल्यांदा अडखळतो तो नावापाशीच. या शाखेचा पूर्वज डॉक्टर जेम्स हा १७१७ साली आयर्लंडहून अमेरिकेत कॅरोलिनाला गेला. १७३८ मध्ये चार्ल्सटन गावात देवीची साथ आली तेव्हा देवी टोचण्याचा त्याने हिरिरीने पुरस्कार केला. तेथील कागदांत त्याचे नाव किलपॅट्रिक असे आहे. पुढे तो लंडनला आला आणि कर्कपॅट्रिक झाला. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, पण समुद्र ओलांडताना अक्षरे बदलली, आणि शोधणाऱ्याला एकाच माणसाची दोन माणसे दिसू लागली.

त्याचा मुलगा कर्नल जेम्स मद्रासच्या फौजेत आला. दिसायला इतका देखणा की ‘हँडसम कर्नल’ या टोपणनावानेच लोक त्याला ओळखीत. त्याचा थोरला मुलगा विल्यम हैदराबादेत रेसिडेंट झाला. १७९५ साली मराठ्यांनी खर्ड्यावर निजामाला जी धूळ चारली, ती लढाई या विल्यमने निजामाच्या गोटात राहून पाहिली. आपल्या बखरींतून खर्ड्याची एक बाजू आपण वाचतो. दुसऱ्या बाजूच्या छावणीत हा स्कॉट गृहस्थ बसला होता, हे आपल्या ध्यानीमनीही नसते.

विल्यमनंतर १७९८ मध्ये ती जागा त्याच्या सावत्र भावाला मिळाली. हा जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक, १७६४ साली मद्रासेत जन्मलेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याने निजामाच्या पदरची फ्रेंच पलटण नि:शस्त्र केली. त्या कामी त्याचा मदतनीस होता जॉन माल्कम. पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला आणि महाबळेश्वरच्या माल्कमपेठेला ज्याचे नाव मिळाले तोच हा माल्कम, आणि तोही डम्फ्रिसशायरचाच!

निजामाने जेम्सला ‘हशमत जंग’ हा किताब दिला. तो फार्सी बोले, मोगली पोशाख करी, हुक्का ओढी. या माणसाचे मन दरबारातील एका सरदार घराण्यातल्या खैरुन्निसा नावाच्या मुलीवर जडले. त्याने इस्लाम धर्म स्वीकारून तिच्याशी लग्न केले. कलकत्त्यास गव्हर्नर जनरल वेलस्ली संतापला. १८०१ मध्ये चौकशी बसली. जबाब झाले, कागदांवर कागद चढले. नियतीचा खेळ पाहा: ज्या चौकशीने त्याचे घर मोडता मोडता वाचले, तिच्याच दप्तराने ते घर इतिहासात राखून ठेवले. ते कागद, दोघा भावांची पत्रे आणि खैरुन्निसाच्या एका आप्ताने लिहिलेला फार्सी ग्रंथ जुळवून विल्यम डॅलरिंपल या स्कॉटलंडच्याच लेखकाने २००२ साली ही सारी हकीकत जगापुढे मांडली.

१८०१ मध्ये मुलगा झाला, त्याचे नाव मीर गुलाम अली. लाडाचे नाव साहिब आलम. १८०२ मध्ये मुलगी झाली, नूरुन्निसा. लाडाचे नाव साहिब बेगम. ही मुले मोगल मुलांसारखीच झबल्या-टोप्यांत वाढली. पण साहेबांच्या मुलांनी विलायतेत शिकावे, ही त्या काळची रीत. १८०५ साली मुलगा चार वर्षांचा आणि मुलगी तीन वर्षांची असताना दोघांना मद्रासेहून जहाजावर चढवले. निघण्यापूर्वी चिनरी या चित्रकाराने त्यांचे चित्र काढले: अंगात हैदराबादी पोशाख, पायांत चढाव, डोळ्यांत भांबावलेपण. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १५ ऑक्टोबर १८०५ रोजी, जेम्स कलकत्त्याला वारला. मृत्युपत्रात त्याने मुलांच्या आईचा उल्लेख तिच्या पुऱ्या नावानिशी आणि आदराने केला आहे.

आणि आता तो कागद, जो वाचताना मला आमच्या घरचे तांदळाचे ताट आठवले. २५ मार्च १८०६. लंडनमधील मॅरिलबोन येथील सेंट मेरी देवळात या दोन मुलांचा बाप्तिस्मा झाला. मीर गुलाम अलीचा विल्यम जॉर्ज झाला. साहिब बेगमची कॅथरीन अरोरा झाली. पाण्याचे चार थेंब कपाळावर पडले, आणि आईने दिलेली नावे पुसली गेली. आजोबा, म्हणजे तोच देखणा कर्नल, त्यांना आपल्या केंटमधील घरी घेऊन गेला. तिकडे हैदराबादेत खैरुन्निसा १८१३ मध्ये वारली. वय अवघे सत्तावीसच्या आसपास. मुलांची पुन्हा गाठ पडली नाही.

कॅथरीनला सगळे किटी म्हणत. ती रूपाने आणि स्वभावाने इतकी गोड निघाली की १८२४ मध्ये तिच्या आतेष्टांकडे शिकवणीस असलेला एक गरीब, फटकळ तरुण तिच्यावर भाळला. तो टॉमस कार्लाइल, तोही डम्फ्रिसशायरचाच! त्याच्या ‘सार्टर रिसार्टस’ या पुस्तकातील ब्लूमीन ही नायिका म्हणजे किटीच, असे पुष्कळ जण मानतात. किटीने मात्र १८२९ मध्ये फिलिप्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केले. आणखी एक नाव बदलले. साहिब बेगमची कॅथरीन, कॅथरीनची किटी, कर्कपॅट्रिकची फिलिप्स. आता हैदराबादच्या कोणी तिचा शोध घेतला असता तर कोणत्या वहीत आणि कोणत्या नावाखाली?

पण शोध घेतला तो तिनेच. हेन्‍री रसेल नावाच्या जुन्या रेसिडेंटाच्या इंग्लंडमधील घरी ती गेली असता भिंतीवर तिला ते चिनरीचे चित्र दिसले. स्वतःचेच बाळपण समोर उभे! तिला रडू आवरेना. मग कळले की आईची आई, शरफुन्निसा बेगम, हैदराबादेत अजून हयात आहे. १८४१ मध्ये किटीने आजीला पत्र घातले. नातीला फार्सी येत नव्हते, आजीला इंग्रजी येत नव्हते. मध्ये दुवा झाला तो हैदराबाद रेसिडेन्सीतला कॅप्टन डंकन माल्कम, आपल्या त्या जॉन माल्कमचा पुतण्या. सहा वर्षे पत्रे चालली. आई आणि आजी आपल्याला अजून आठवतात, स्वप्नात दिसतात, असे तीन वर्षांची असताना निघून गेलेली ही बाई चाळिशीत लिहिते! १८४७ मध्ये आजी वारली. दोघींची भेट झाली नाही ती नाहीच. पण तुटलेला धागा जुळला. तो कोणत्या नोंदवहीने जुळवला नाही, एका बाईने विचारले आणि दुसरीने सांगितले, म्हणून जुळला.

मागे हैदराबादला गेलो तेव्हा कोठी भागातील जेम्सने बांधलेली रेसिडेन्सी मुद्दाम पाहिली. उंच खांब, रुंद पायऱ्या, दोन बाजूंना दोन सिंह. १९४९ मध्ये तेथे मुलींचे कॉलेज आले. खैरुन्निसा राहत होती तो रंगमहाल केव्हाच पाडला गेला. पायऱ्यांवर मुली हसतखेळत एकमेकींना नावाने हाका मारीत होत्या. त्या ऐकत मी बराच वेळ उभा राहिलो.

परतताना नांदेडला न उतरता मी तडक उदगीरला गेलो. आजीच्या माहेरचा वाडा अर्धा पडला आहे. तेथे आजीच्या भावाची सून, आमच्या काकू, एकट्या राहतात. वय नव्वदीच्या घरात. मी पाया पडलो आणि विचारले, “काकू, आमच्या आजीचं माहेरचं नाव काय होतं हो?”

“आत्याबाईंचं?” त्या क्षणभरही थांबल्या नाहीत. “गोदावरी. मामंजी गोदू म्हणायचे. अन् तुमच्याकडं तिच्या सासूचंच नाव गोदावरी निघालं. सासूच्या नावानं सुनेला हाक कशी मारावी? म्हणून बदललं.”

मी गप्प बसलो. साठ वर्षे आजी नांदेडला नदीकाठी राहिली. रोज पहाटे गोदावरीत स्नान करून, गोदामाईला हळदकुंकू वाहून यायची. ती ज्या नदीला रोज हाक मारीत होती ते तिचेच नाव होते, हे आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हते.

घरी आल्यावर ती वंशावळ काढली आणि ‘भार्या सरस्वती’ या शब्दांपुढे लिहिले, ‘माहेरची गोदावरी, उदगीर.’ मग आईचे माहेरचे नाव लिहिले, पत्नीचे लिहिले. पणजीपाशी मात्र लेखणी अडली. सासरची गोदावरी ती, माहेरची कोण? तिचे सांगणारे आता कोणी उरले नाही.

यंदा भाऊबीजेला बहिणी माहेरी येतील, आत्या येतील. ओवाळणी घालून झाली की त्यांच्याजवळ जरा बसा आणि आजीचे, पणजीचे माहेरचे नाव विचारून घ्या. अशी एखादी काकू तुमच्याही कोणत्यातरी पडक्या वाड्यात बसलेली असेल. तिला अजून आठवते आहे, तोवरच विचारा.