धातुशोधक व पुरावस्तूंचा शोध

जमिनीत दडलेल्या धातूच्या जुन्या वस्तूंचा विद्युत् चुंबकीय उपकरणाच्या साहाय्याने शोध घेण्याचा छंद. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो अमेरिकेत व ग्रेट ब्रिटनमध्ये रुजला. या छंदामुळे ब्रिटनमध्ये पुरातत्त्वविद्येपुढे एक बिकट प्रश्न उभा राहिला. इंग्लंड व वेल्समध्ये त्याचे उत्तर सरसकट बंदीत न शोधता परवानगी आणि नोंदणी यांच्या व्यवस्थेत शोधण्यात आले.

धातुशोधकाच्या वेटोळ्यातून प्रत्यावर्ती प्रवाह सोडला की, त्याभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. जवळपास धातू असल्यास तीत आवर्त प्रवाह उद्‌भवतात व त्यांच्या क्षेत्रामुळे होणारा फरक ध्वनिरूपाने कळतो. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील बंदुकीची गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्ये या तत्त्वावरील उपकरण वापरले. परंतु त्यांना यश आले नाही. गेरहार्ट फिशर यांना १९३७ मध्ये अमेरिकेत सुवाह्य धातुशोधकाचे एकस्व मिळाले. दुसऱ्या महायुद्धात यूझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने तयार केलेला सुरुंगशोधक १९४२ मधील एल् अलामेनच्या लढाईत उपयोगी पडला. पुढे ट्रँझिस्टरमुळे उपकरणे हलकी व स्वस्त झाली आणि १९७० नंतरच्या दशकात ब्रिटनमध्ये हा छंद झपाट्याने पसरला.

पुरातत्त्वज्ञांचा आक्षेप उपकरणाला नव्हता, तर त्यामागून येणाऱ्या कुदळीला होता. एखादे नाणे कोठे, कोणत्या थरात व कशासोबत सापडले, यावर त्याचे ऐतिहासिक मोल अवलंबून असते. ते नोंद न करता उचलले की, वस्तू हाती राहते. पण पुरावा नष्ट होतो. यामुळे १९७९ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय क्षेत्रे अधिनियमाने संरक्षित स्थळी लेखी संमतीवाचून धातुशोधक वापरणे हा गुन्हा ठरविला. पुरातत्त्वज्ञांनी १९८० मध्ये या छंदाविरुद्ध मोहीम उघडली, तर छांदिष्टांनी १९८१ मध्ये आपली राष्ट्रीय परिषद स्थापन केली. दोन्ही पक्षांत दीर्घकाळ अविश्वास राहिला.

या काळातील दोन घटना परस्परविरोधी आहेत. सरे परगण्यातील वॉनबरो येथील रोमन-केल्टिक मंदिराच्या जागेची वार्ता फुटल्यावर १९८४-८५ च्या सुमारास रात्री-अपरात्री तेथे खणून लोहयुगीन नाणी मोठ्या प्रमाणावर पळविण्यात आली. त्या वेळच्या निखात निधीविषयक विधीनुसार सोने-चांदी परत घेण्याच्या हेतूने पुरली होती, असे दाखवावे लागे. मंदिरात अर्पण केलेल्या नाण्यांच्या बाबतीत ते दुष्कर होते. याउलट सफक परगण्यातील हॉक्सन येथे १९९२ मध्ये एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधताना त्याच्या मित्राला रोमन निधी आढळला. त्याने खोदणे थांबवून ते कळविले. परिणामी पुरातत्त्वज्ञांना सु. १५,००० नाणी, भांडी व दागिने मूळ मांडणीसह उचलता आले आणि ज्या लाकडी पेटीत हा ऐवज ठेवला होता, तिच्या खुणाही मिळाल्या.

हे दोष दूर करण्यासाठी १९९६ चा निधी अधिनियम संमत झाला व १९९७ मध्ये अंमलात आला. पुरण्याचा हेतू आता सिद्ध करावा लागत नाही. ३०० वर्षांहून जुनी व किमान १० टक्के सोने वा चांदी असलेली वस्तू, तसेच एकत्र सापडलेली तेवढीच जुनी दोन वा अधिक सोन्याची किंवा चांदीची नाणी निधी ठरतात. २०२३ च्या दुरुस्तीने २०० वर्षांहून जुन्या, असाधारण महत्त्वाच्या काही धातुवस्तूही त्यात आल्या. शोधकाने १४ दिवसांच्या आत कॉरोनरला कळवावे लागते. वस्तू संग्रहालयाने घेतल्यास मूल्याची रक्कम सामान्यतः शोधक व जमीनमालक यांच्यात विभागली जाते. निधी नसलेल्या वस्तूंच्या ऐच्छिक नोंदणीसाठी १९९७ मध्ये सुरू झालेल्या सुवाह्य पुरावस्तू योजनेत १५ लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे.

नवशिक्याने प्रथम जागेचा मालक निश्चित करावा लागतो. इंग्लंडमध्ये बेवारस अशी जमीन जवळजवळ नाहीच. सार्वजनिक उद्यानही कोणाच्या तरी मालकीचे असते. अशाच एका उद्यानात जमिनीखाली सापडलेली मध्ययुगीन सोन्याची पिन शोधकाची नसून स्थानिक परिषदेची आहे, असा निर्णय अपील न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. शेतात मालकाची व कूळ असल्यास त्याचीही संमती घ्यावी, ती लेखी असावी आणि सापडलेल्या वस्तूंच्या वाटणीचा करार आधीच करावा. संरक्षित स्मारके अधिकृत यादीवरून पडताळून वगळावीत. लंडनमध्ये टेम्स नदीच्या काठावर शोध घेण्यास बंदर प्राधिकरणाचा परवाना लागतो. वारंवार नांगरलेले शेत सर्वांत योग्य. कारण तेथील वरच्या थरातील वस्तू आधीच मूळ जागेवरून हललेल्या असतात. नांगरटीच्या खाली खणू नये, प्रत्येक वस्तूचे स्थान नकाशावर टिपावे, खड्डे बुजवावेत आणि वस्तूंचा अखंड संचय दिसताच काम थांबवून तज्ञांस बोलवावे, अशी २००६ च्या आचारसंहितेची शिकवण आहे.

व्यवस्था उल्लंघिली गेल्यास काय गमावते, हे हेरफर्डशरमधील लेमिन्स्टरजवळच्या २०१५ मधील प्रकरणावरून दिसते. शोधकांनी व्हायकिंग काळातील निधी न कळविता विकला. २०१९ मध्ये त्यांना शिक्षा झाली, तरी सु. ३०० पैकी जेमतेम ३० नाणी परत मिळाली. त्यांतील काहींवर वेसेक्सचा राजा ॲल्फ्रेड व मर्सियाचा राजा दुसरा केओलवुल्फ यांच्या सहकार्याचा दुर्मिळ पुरावा होता. उरलेली नाणी काय सांगू शकली असती, हे कळण्याचा मार्ग राहिला नाही.

भारतात १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम लागू असून दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविणे बंधनकारक आहे. संरक्षित क्षेत्रातील उत्खननावर १९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियमाचे निर्बंध आहेत. एकत्र अभ्यासल्या गेलेल्या संचयाचे महत्त्व नासिकजवळ १९०६ मध्ये मिळालेल्या जोगळटेंभी निधीने स्पष्ट होते. त्यातील सु. १३,२५० चांदीच्या नाण्यांपैकी ९,००० हून अधिक क्षहरात नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा उमटविलेला आहे. सुटे एखादे नाणे एवढेच सांगते, की नहपानाचे नाणे सातकर्णीने पुन्हा चलनात आणले. हे किती मोठ्या प्रमाणावर घडले, ते मात्र एकत्र राहिलेल्या निधीवरूनच मोजता आले.